पुण्यात नोकरी शोधायला येताय? आधी सहा महिन्यांचा हिशोब मांडा

पुण्यात नोकरी मिळते. पण २०२१-२२ मध्ये मिळत होती तेवढी झटपट आता मिळत नाही, आणि गावाकडून निघताना ही गोष्ट कोणी नीट सांगत नाही. मी पिंपरी-चिंचवड भागात कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम करते. रोज सीव्ही वाचते, रोज मुलामुलींशी फोनवर बोलते. चांगली शिकलेली, कष्टाळू पोरं पैसे संपले म्हणून तिसऱ्या महिन्यात गावी परततात आणि त्यानंतर कंपनीचा फोन येतो, हे बघताना जीव तुटतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी बाजाराचं चित्र समजून घ्या. कोविडनंतर आयटी कंपन्यांनी भरमसाट भरती केली. मग अमेरिकेत व्याजदर वाढले, तिकडच्या ग्राहकांनी खर्चाला कात्री लावली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. फ्रेशरच्या जागेसाठी आज तुमच्या शेजारी दोन-तीन वर्षं अनुभव असलेला माणूसही बसलेला असतो, तो याच कारणाने. तेव्हा नकार आला की लगेच स्वतःच्या हुशारीवर शंका घेऊ नका. तयारी मात्र लांबच्या पल्ल्याची करा. माझ्या मते सहा महिने धरून चला. त्याआधी काम लागलं तर उत्तमच.

मुक्काम आणि पैसा

नोकरी लागायच्या आधीच हिंजवडीत किंवा खराडीत फ्लॅट घेऊ नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, मोठं डिपॉझिट, आणि नोकरी लागली चाकणला, असं झालं की सगळंच अंगावर येतं. सुरुवातीला कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहा. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत अशा खोल्या पुष्कळ आहेत, कारण स्पर्धा परीक्षेची मुलं वर्षानुवर्षं तिथे राहत आली आहेत. अभ्यासिका, मेस, झेरॉक्स सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मेस लावताना एकच प्रश्न विचारा: खाडा धरतात का? मुलाखतीच्या दिवसांत दुपारचं जेवण बाहेरच होतं आणि न जेवलेल्या ताटांचे पैसे महिनाअखेर चांगलेच जाणवतात.

पेठेत नको असेल तर मेट्रोच्या किंवा लोकलच्या कडेने जागा बघा. मेट्रोची एक मार्गिका वनाज ते रामवाडी, दुसरी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, आणि दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना मिळतात. पुणे-लोणावळा लोकल खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव अशी जाते. दापोडी-कासारवाडीच्या आसपास राहिलात तर भोसरी एमआयडीसीही जवळ आणि शहरातही पटकन येता येतं. डिपॉझिट कितीही लहान असो, पावती किंवा निदान यूपीआयची नोंद हातात ठेवा. रोख देऊन विषय संपवू नका.

घरून निघतानाच दरमहा किती पैसे लागतील हे आईवडिलांशी बसून ठरवा. खोली, मेस, प्रवास, रिचार्ज, आणि मुलाखतीच्या कपड्यांपासून झेरॉक्सपर्यंतचा किरकोळ खर्च. गुणिले सहा. रक्कम जड वाटली तर पहिल्या महिन्यापासून एखादं अर्धवेळ काम धरा: शिकवण्या, डेटा एन्ट्री, दुकानात संध्याकाळची पाळी. त्यात कमीपणा काहीच नाही. त्या कामाने तुमचे दोन महिने जास्त निघत असतील तर ते तुमच्या नोकरी शोधण्याचाच भाग आहे. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ता बहुतेक वेळा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तुमच्या मंजुरीपत्रातली तारीख आजच बघून ठेवा, आणि भरणं जमणार नाही असं दिसलं तर हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत जाऊन बोला.

कुठल्या भागात काय आहे

पुण्याचा नोकरीचा नकाशा विखुरलेला आहे. आयटी म्हणजे हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क, खराडी, मगरपट्टा, तळवडे, बाणेर-बालेवाडी, येरवडा-विमाननगर. कारखाने म्हणजे भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव. हिंजवडी आणि खराडीच्या मुलाखती एकाच दिवशी घेऊ नका. ट्रॅफिकमध्ये दोन्ही हातच्या जातात.

मोठ्या नावांमागे सगळेच धावतात. मी तुम्हाला उलट सांगेन: पन्नास ते तीनशे माणसांच्या कंपन्या शोधा. भोसरी-चाकणमध्ये मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य युनिट्स आहेत. तिथे तुमचा सीव्ही थेट प्लांट मॅनेजरच्या टेबलावर जातो. आयटीतही बाणेर-बालेवाडीत लहान कंपन्या आहेत, ज्या पोर्टलवर जाहिरात देण्याआधी आपल्याच माणसांना विचारतात, ‘कोणी आहे का ओळखीचं?’ पगार थोडा कमी असेल, पण वर्षभरात जे काम हाताखालून जातं ते मोठ्या ठिकाणी प्रोजेक्टविना ‘बेंच’वर बसून मिळत नाही.

अप्रेंटिसशिप हा मार्ग विनाकारण दुर्लक्षित राहतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआय, डिप्लोमा, पदवी झालेल्यांना कंपन्या घेतात. पदवी-डिप्लोमावाल्यांनी केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. त्यात दरमहा विद्यावेतन बारावी पास उमेदवाराला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये ठरवलं गेलं. त्याची नोंदणी महास्वयं पोर्टलवर. अर्ज करण्याआधी तिथली सध्याची नियमावली वाचा. ही रक्कम पुण्यात पुरत नाही, हे मलाही दिसतं. पण सीव्हीवर ‘काम केलेलं आहे’ अशी एक ओळ येते आणि पुढच्या मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी असतं.

चाकणला ठेकेदारामार्फत काम मिळालं तर ते हलकं समजू नका, पण डोळे उघडे ठेवून घ्या. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कोण भरणार, ईएसआयसीचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड कधी मिळणार, करार किती महिन्यांचा, कंपनीची बस आहे का, हे आधी विचारा. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायद्याचाच नियम आहे. कोणी उपकार म्हणून सांगत असेल तर भुलू नका.

सीव्ही: माझ्या स्क्रीनवर काय दिसतं

एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. मी ते वरून खाली वाचत नाही, कोणीच वाचत नाही. आधी फिल्टर लावते: शहर पुणे, अमुक कौशल्य, किती दिवसांत रुजू होणार, प्रोफाइल शेवटचं कधी वापरलं. जो मुलगा पुण्यात राहतोय पण पत्त्यात अजून ‘तालुका औसा, जिल्हा लातूर’ असंच आहे, तो पहिल्याच फिल्टरला गळतो. म्हणून नावाखाली ‘सध्या पुण्यात, लगेच रुजू होऊ शकतो’ हे लिहा. नोकरीच्या पोर्टलवर दर दोन-तीन दिवसांनी लॉग इन करून एखादी ओळ अपडेट करा, म्हणजे प्रोफाइल चालू दिसतं.

सीव्ही एका पानाचा, एका रकान्याचा ठेवा. रंगीत डिझाइन, दोन रकाने, टक्केवारीचे पट्टे यांनी सीव्ही वाचणारं सॉफ्टवेअर गोंधळतं. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, शेवटची ‘मी जाहीर करतो की’ छापाची घोषणा, सगळं काढा. जाहिरातीत कौशल्याचं जे नाव लिहिलंय तेच तुमच्याकडे असेल तर त्याच शब्दात लिहा. नसेल तर लिहू नका. फाइलला ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ असं नाव देऊ नका. तुमचं नाव आणि पद द्या. आणि फोन उचला! अनोळखी नंबर म्हणून न उचललेला फोन दुसऱ्यांदा क्वचितच येतो.

प्रोजेक्टबद्दल कळकळीने सांगते. तयार प्रोजेक्ट विकत घेऊन शेवटचं वर्ष काढलेली पुष्कळ मुलं आहेत. मुलाखतीत पहिले खोल प्रश्न त्याच प्रोजेक्टवर येतात: डेटाबेसमध्ये किती टेबलं होती, हेच तंत्रज्ञान का निवडलं, काय अडलं, कसं सोडवलं. तिथे गप्प बसलात की पुढचं सगळं अवघड होतं. प्रोजेक्ट विकतचा असेल तर आता, रिकाम्या वेळात, एक छोटा पण स्वतःच्या हाताने केलेला तयार करा. गावातल्या दूध डेअरीच्या संकलनाचा हिशोब ठेवणारं साधं ॲप चालेल. त्यातली ओळ न् ओळ तुमची असली पाहिजे.

ओळख नसेल तर काढायची कशी

रोज शंभर ठिकाणी ‘अप्लाय’ दाबण्यापेक्षा पाच ठिकाणी माणसाला लिहा. कॉलेजचे सीनियर, गावचं कोणी, आधीच्या बॅचचं कोणी. ओळखीचा असेल तर दादा, ताई म्हणा; अनोळखी असेल तर सर, मॅडम. फक्त ‘सर जॉब आहे का’ एवढंच पाठवू नका, कारण त्याला समोरचा इच्छा असूनही उत्तर देऊ शकत नाही. असं लिहा:

‘नमस्कार सर, मी डिप्लोमा मेकॅनिकल, शासकीय तंत्रनिकेतन लातूर, २०२४ ची बॅच. तुमच्या चाकण प्लांटला क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा असल्याची जाहिरात पाहिली, जॉब आयडी सोबत देतो. ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज वापरले आहेत. सहा महिने भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लाइन इन्स्पेक्शन केलं. सीव्ही जोडला आहे. योग्य वाटल्यास एचआरकडे पाठवाल का?’

यात समोरच्याला काही शोधावं लागत नाही, नुसतं पुढे पाठवायचं असतं. आठवड्याने एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. पुण्यात अनेक कंपन्या ओळखीतून आणलेला उमेदवार टिकला तर कर्मचाऱ्याला बक्षीस देतात, त्यामुळे आपण कोणाला त्रास देतोय असं वाटून घेऊ नका.

कुठे, कधी, कोणाला, काय पाठवलं याची एक वही ठेवा. फोन आला की ‘कुठली कंपनी म्हणालात?’ असं विचारावं लागू नये.

मुलाखत

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची भीती असते. ती कमी करायचा उपाय साधा आहे. स्वतःची ओळख दीड मिनिटात बसवा: काय शिकलो, हाताने काय केलं, ही जागा का हवी. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. छोटी वाक्यं बोला. अडखळलात तर थांबा आणि वाक्य पूर्ण करा. व्याकरण चुकलं म्हणून मी कोणाला नाकारत नाही. प्रश्न न समजताच उत्तर देणाऱ्याला मात्र नाकारावं लागतं. प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं तर त्यात गैर काहीच नाही. शॉप फ्लोअरच्या मुलाखती तर बऱ्याचदा मराठी-हिंदीतच होतात.

तिथे काय होतं ते एकदा बघा. क्वालिटीच्या मुलाखतीत टेबलावर एक पार्ट ठेवतात, हातात व्हर्नियर देतात आणि ‘ओडी सांगा’ म्हणतात, म्हणजे बाहेरचा व्यास. पोर व्हर्नियर उचलतं. ज्याला सवय आहे तो आधी जबडे बंद करून शून्य जुळतंय का ते बघतो. तेवढ्यावर समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. मग विचारतात, लीस्ट काउंट, म्हणजे साधनाने मोजता येणारं सर्वात लहान माप, किती? साध्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. डिप्लोमा फर्स्ट क्लास असलेली मुलं इथे अडकतात, कारण प्रॅक्टिकल फक्त जर्नलपुरतं झालेलं असतं. पुण्यात आल्यावर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन आठवडे जाऊन हात बसवून घ्या. चहापाण्यावरही राबायला तयार व्हा. याला पर्याय नाही.

शिक्षणानंतर मध्ये वर्ष गेलं असेल तर खरं सांगा. ‘एमपीएससी करत होतो, दोन वर्षं दिली, आता थांबलो’ हे पुण्यात कोणालाही समजतं. त्या काळात काय शिकलात ते एका वाक्यात जोडा. लपवाछपवी केली की प्रश्न वाढत जातात.

फसवणूक

मंदीत ठग वाढतात. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, ‘बॅकडोअर’ने जॉइनिंग, नाव काहीही असो. ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं असेल तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे फोन करा. कंपनी खरंच नोंदलेली आहे का, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नावाने बघता येतं. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नका. टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, रोज पैसे मिळवा’ म्हणणारे आधी दोनशे रुपये देतात आणि मग तुमचे हजारो घेऊन जातात. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खोटं अनुभवपत्र विकणाऱ्या कन्सल्टन्सीही आहेत. त्यांच्या नादी लागू नका. पडताळणीत कंपन्या यूएएनवरची, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावरची, नोंद बघतात आणि अनुभव खरा होता की नाही ते तिथेच उघडं पडतं. रुजू झाल्यावर काढलं गेलं तर पुढचा प्रश्न आणखी मोठा.

मन

‘कळवतो’ म्हणून न कळवणं हा या क्षेत्रातला सर्वात वाईट रिवाज आहे, आणि माझ्या क्षेत्रातले लोक यात दोषी आहेत. दोन आठवडे उत्तर आलं नाही की वहीत ती ओळ खोडा आणि पुढे जा. चांगली झालेली मुलाखतही जागाच रद्द झाल्यामुळे वाया जाते. बजेट अडकतं, प्रोजेक्ट थांबतो, आतलाच माणूस घेतला जातो. हे तुम्हाला कोणी सांगत नाही आणि तुम्ही रात्रभर आपलं कुठलं उत्तर चुकलं ते शोधत बसता.

दिवसाला चौकट द्या. सकाळी दोन तास अर्ज आणि मेसेज, मग कौशल्याचं काम, संध्याकाळी चालायला बाहेर. खोलीत एकटं बसून नोकरी शोधू नका. अभ्यासिकेत बसा, निदान आजूबाजूला माणसं असतात. घरी दररोज ‘काही झालं का’ असा फोन येत असेल तर आईबाबांना प्रेमाने सांगा: ‘रविवारी मी सगळं सांगत जाईन, मधे फक्त जेवलास का ते विचारा.’ हे सांगितल्यावर घरचेही सुटकेचा श्वास सोडतात, असं मला कितीतरी मुलांनी सांगितलं आहे. मित्राच्या पॅकेजच्या पोस्टने त्रास होत असेल तर तो ग्रुप म्यूट करा. झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला. तिथे चोवीस तास माणूस असतो आणि मराठीतही बोलता येतं.

ऑफर आली की

सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, बघून पेढे वाटू नका, आधी हातात काय येणार ते काढा. समजा सीटीसी वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. बेसिक निम्मं, १२,५००, असं धरू. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० रुपये सीटीसीतच मोजलेले असतात. उरले साधारण २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २१,२०० च्या आसपास. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो; महिलांना दरमहा २५ हजार पगारापर्यंत तो नाही. ‘व्हेरिएबल’ दहा टक्के असेल तर महिन्याचे आणखी अडीच हजार बाजूला काढा, कारण ते वर्षाच्या शेवटी मिळतात, आणि कधीकधी पूर्ण मिळत नाहीत. याच आकड्यावर खोली आणि प्रवासाचा हिशोब करा, मगच हो म्हणा.

बाँड असेल तर किती महिने, सोडल्यास किती रक्कम, ट्रेनिंगचा खर्च कशात धरलाय, हे लेखी मागा. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर पुढची नोकरी बदलताना तो आडवा येतो हे लक्षात ठेवा. पहिल्या ऑफरला पगार वाढवून मागायला फ्रेशरला फारसा वाव नसतो. रुजू होण्याची तारीख, शिफ्ट, बस, ट्रेनिंग यावर मात्र बोलता येतं.

रुजू होताना नेमणूकपत्राची प्रत, पगाराचा तपशील आणि सगळे मेल स्वतःच्या खाजगी मेलवर ठेवा. पहिल्या पगाराच्या स्लिपवर यूएएन आहे का ते बघा. कंपनीने पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर थोड्या दिवसांनी पासबुक उघडून तुमची आणि कंपनीची, दोन्ही रक्कम जमा दिसते का ते तपासा. नाही दिसली तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी मेल टाका.